इगतपुरीला नेलेलं पाणी

कुणाच्याही घरी गेलं की काका आधी पाणी मागायचे आणि ते प्यायचे मात्र नाहीत. तळहातावर दोन थेंब घ्यायचे, अंगठ्याने बोटांवर चोळायचे, मग बोटाचं टोक जिभेला लावून क्षणभर डोळे मिटायचे. त्यानंतर निकाल. "जड आहे हो." ग्लास तसाच ताटलीत परत जायचा. ज्या बाईने पाणी आणलेलं असायचं ती बिचारी ओशाळायची, जणू भाजीत मीठ जास्त पडलं.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. कुणी भाकरीचा पदर बघून ज्वारीचं गाव सांगतो, कुणी नुसतं हुंगून आंब्याची किंमत पाडतो. आपण त्यांना हसतो आणि घरी आल्यावर गुपचूप तसं करून बघतो. मीही पाण्याचं करून बघितलं. मला पाणी पाण्यासारखंच लागलं.

काकांची नोकरी इगतपुरीच्या रेल्वे शेडमध्ये, वाफेच्या इंजिनात कोळसा मारण्यापासून सुरू झाली होती. पुढे विजेची इंजिनं आली, काका ड्रायव्हर झाले, सन्मानाने निवृत्त झाले. मनाने मात्र ते त्या पहिल्या इंजिनावरून कधी उतरले नाहीत. इंजिनाला जड पाणी पाजलं तर बॉयलरमध्ये क्षारांची खपली धरते आणि इंजिन धापा टाकायला लागतं, हे त्यांनी तरुणपणी डोळ्यांनी पाहिलं होतं. इगतपुरीचं पाणी हलकं. ते प्यालेलं इंजिन खूश. "बॉयलर कधी खोटं बोलत नाही," असं ते म्हणायचे. बॉयलर गेल्यावर ती जबाबदारी त्यांनी घरातल्या चहाच्या किटलीवर टाकली. किटलीच्या बुडाला पांढरं धरलं की त्या पाण्यावर त्यांचा विश्वास उडालाच.

मी त्यांच्या घरी भाडेकरू म्हणून गेलो ते नव्वदच्या दशकात. बी.एस्सी. होऊन नाशिकला अंबडच्या एका कारखान्यातल्या प्रयोगशाळेत लागलो होतो. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिलाच. हातात गुणपत्रिकांची पिशवी घेऊन इंदिरानगरच्या त्या छोट्या बंगल्याच्या फाटकात उभा होतो. मला वाटलं, पगार विचारतील, जात विचारतील.

"गाव कुठलं?" काकांनी विचारलं.

"नामपूर."

"पाणी कसं आहे तिथलं?"

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, त्याला खोली हवी आहे. विहीर विकायला नाही आला तो."

त्या दिवसापासून मी त्या घरात 'नामपूरकर' झालो. त्या दोघांनी माझ्यासाठी काय केलं हे सगळं सांगत बसलो तर हे लिखाण आभाराचं भाषण होईल. एकच सांगतो. माझे वडील नामपूरच्या कांदा मार्केटात हमाली करायचे. ते मला भेटायला आले तेव्हा काकांच्या दिवाणखान्यातल्या सोफ्यावर बसायला तयार होईनात. दाराशी फरशीवर टेकले. काका सोफ्यावरून उठले आणि त्यांच्या शेजारी फरशीवर मांडी घालून बसले. काकूंनी पाणी आणून दिलं. वडिलांनी एक घोट घेतला आणि सरळ मनाने म्हणाले, "पानी खारं शे."

काकांचा चेहरा उजळला. "ऐकलंस?" ते काकूंना म्हणाले. "याला म्हणतात जीभ! डिग्रीवाल्याला नाही कळलं, त्याच्या बापाला कळलं."

"आता दोघे मिळून आमचं बोअर बंद करा," काकू म्हणाल्या आणि वडिलांच्या पुढ्यात लाडू ठेवून गेल्या.

या दिवाणखान्यात काचेची एक मोठी टाकी होती आणि तिच्यात एंजल माशांची एक जोडी. पतंगासारखे उभे, रुपेरी, अंगावर काळे पट्टे. इगतपुरीहून बिऱ्हाड हलवलं तेव्हा सामान ट्रकने आलं, पण हे दोघे काकांच्या मांडीवर, दुधाच्या स्टीलच्या डब्यात बसून पॅसेंजरने आले होते. इगतपुरीत या जोडीने अंडी घालून पिल्लं वाढवली होती. नाशिकला आल्यापासून एकही पिल्लू नाही. मादी पाटीच्या तुकड्यावर अंडी घालायची, नर पंखांनी वारा घालत राहायचा आणि दोन दिवसांत अंडी पांढरी पडून बुरशी धरायची. पालिकेचं पाणी सकाळी थोडा वेळ येई, तेही रोज नाही. पिण्यासकट सगळा व्यवहार बोअरच्या पाण्यावर. ते इतकं जड की बादलीच्या कडांना पांढरे थर बसायचे.

आता यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय होतं? ते काकूंपाशी होतं.

काकूंना दमा. इगतपुरीचं धुकं आणि ओल त्यांच्या छातीत बसायची. म्हणून काकांनी निवृत्तीचे पैसे घालून कोरड्या हवेच्या नाशकात घर बांधलं. काकूंचा श्वास खरोखर मोकळा झाला. पण चाळीस वर्षांच्या मैत्रिणी, भजनाचं मंडळ, स्टेशनमागचं कौलारू घर, सगळं मागे राहिलं. ते घर विकायला त्यांनी साफ नकार दिला. त्याची किल्ली कमरेच्या जुडग्यात असायची. बंगल्यात काही बिघडलं की त्या म्हणायच्या, "तुमचं नाशिक!" गॅसवाला आला नाही, तुमचं नाशिक. उन्हाळा कडक, तुमचं नाशिक.

एकदा अंडी पुन्हा पांढरी पडली तेव्हा त्या हसत म्हणाल्या, "मासेसुद्धा इथे रमत नाहीत, तर मी काय रमणार? त्यांना पिल्लं झाली की सांगा. मग मीही म्हणेन, हे माझं घर."

त्यांनी ते थट्टेत म्हटलं. काकांनी मात्र ते काळजावर कोरून घेतलं. त्या दिवसापासून ते मासे पाळत नव्हते. बायकोला या गावात रुजवत होते.

मग सुरू झाल्या पाण्याच्या खेपा. दर आठवड्याला काका दोन रिकामे कॅन घेऊन इगतपुरीला जायचे आणि भरलेले घेऊन यायचे. रोज ये-जा करणारे लोक त्यांना ओळखायला लागले. "काका, तीर्थ आणलं का?" कुणीतरी विचारायचं. "तीर्थ चमचाभर पुरतं, हे कॅनभर लागतं," काका म्हणायचे आणि कॅनवर पाय ठेवून बसायचे. घरी आल्यावर पहिला ग्लास काकूंना. सुरुवातीला त्या डोळे मिटून तो प्यायच्या आणि म्हणायच्या, "आहाहा." पुढे पुढे म्हणायला लागल्या, "ठेवा माशांना. मला काय करायचंय." काकांना ती कुरकुर वाटायची. मलाही तसंच वाटलं.

एवढ्या पाण्याने काही साधत नव्हतं. टाकीत तीनचतुर्थांश बोअरचंच राहायचं. आणि मग गुडघे बोलायला लागले. डॉक्टरांनी ओझं उचलायला बंदी केली. काका टाकीसमोर खुर्ची टाकून नुसते बसायला लागले.

तेव्हा घराघरांत आरओची यंत्रं येऊ लागली होती. आमच्या कारखान्यात बॉयलरसाठी तसाच मोठा प्लांट होता. एका संध्याकाळी मी सहज सांगितलं की आरओ पाण्यातले जवळजवळ सगळे क्षार काढून टाकतं. काका खुर्चीतून उठलेच. "सगळे? म्हणजे खपली नाही?"

"नाही."

"म्हणजे इगतपुरी?"

"इगतपुरीपेक्षाही हलकं."

आठवड्याभरात स्वयंपाकघराच्या भिंतीवर यंत्र लागलं. काकांनी नवी किटली आणली, त्या पाण्याचा चहा महिनाभर उकळला आणि रोज तिच्या बुडात डोकावून बघितलं. बूड आरशासारखं लख्ख. घरात येणाऱ्याजाणाऱ्याला ते किटली दाखवायचे. काकूंनी मात्र पहिल्याच दिवशी तोंड वाकडं केलं. "याला चवच नाही हो. पाणी प्यायल्यासारखं वाटत नाही." आणि तांब्या घेऊन पायऱ्या उतरून खाली बोअरच्या नळावर गेल्या. काका हसले. "बघ नामपूरकर, अमृत सोडून कुठे चालली." पुन्हा किटलीत डोकावले.

मी प्रयोगशाळेतून पीएच तपासायचा कागद आणला होता. सात म्हणजे ना आम्ल ना अल्कली, सातच्या खाली आंबट. बोअरच्या पाण्यात कागद निळसर हिरवा व्हायचा, आठच्या घरात. आरओच्या पाण्यात पिवळा, सहाच्या आसपास. एंजल माशांना थोडंसं आंबटाकडे झुकलेलं, मऊ पाणीच आवडतं. काकांनी तो पिवळा कागद खिडकीला चिकटवून ठेवला.

मी एक गोष्ट त्यांना सांगितली होती. "काका, प्लांटमध्ये आम्ही हे पाणी असंच सोडत नाही. त्यात थोडे क्षार परत मिसळतो. नाहीतर ते पाइप खातं."

"पाइप खातं?" काका मोठ्याने हसले. "माझे मासे लोखंडाचे आहेत का? अरे, बॉयलरला जे चालतं ते सगळ्यांना चालतं."

हळूहळू त्यांनी टाकीतलं सगळं पाणी बदललं. बोअरचा एक थेंब राहू दिला नाही. बादल्यासुद्धा वेगळ्या केल्या. आणि मादीने अंडी घातली. ती पांढरी पडली नाहीत. दोन दिवसांनी प्रत्येक अंड्यात बारीक शेपटी वळवळायला लागली. काका दर थोड्या वेळाने भिंग घेऊन बघायचे. "अगं, ये ना इकडे," त्यांनी काकूंना हाक मारली. काकू पदराला हात पुसत आल्या, वाकल्या, बराच वेळ बघत राहिल्या.

"मग?" काका म्हणाले. "काय म्हणाली होतीस?"

"पोहायला तर लागू देत," काकू म्हणाल्या. पण हसत होत्या.

पिल्लं पोहायला लागली नाहीत. आठवडा भरायच्या आत एका सकाळी काकांनी जिन्यातून हाक मारली. ती हाक अशी होती की मी दात घासायचे सोडून धावत खाली आलो. नर तळाला आडवा पडला होता. मादी वरच्या कोपऱ्यात तोंड पाण्याबाहेर काढून धापा टाकत होती. पाटीच्या तुकड्यावर काही हलत नव्हतं. मी कागद बुडवला. तो पिवळ्यावर थांबला नाही, नारिंगी झाला.

कारण साधं होतं, पण ते नंतर समजलं. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, यांतून पाण्यात सतत थोडं थोडं आम्ल तयार होत असतं. जड पाण्यातले क्षार ते झेलून घेतात, म्हणून पाण्याचा पीएच जागेवर राहतो. आरओच्या पाण्यात झेलणारं काहीच उरलेलं नसतं. सुरुवातीला सगळं छान दिसतं आणि एक दिवस पाणी एकदम घसरतं. काकांनी पाण्यातून ज्या खपलीला हाकलून लावलं होतं, तीच माशांना सांभाळत होती.

दुपारपर्यंत मादीही गेली. काकांनी दोघांना त्याच स्टीलच्या डब्यात घातलं आणि पेरूच्या झाडाखाली पुरलं. हात धुऊन आले, खुर्चीत बसले आणि रिकाम्या टाकीकडे बघत म्हणाले, "यांना इथे आणायलाच नको होतं. तिथे चांगले जगत होते."

काकू चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. ट्रे टेबलावर ठेवला आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "मी मस्करीत म्हटलं होतं हो ते. एवढं कुणी धरून बसतं का?"

चहा तसाच निवला.

पुढचे कितीतरी दिवस टाकी कोरडी होती. काकूंनीच मला मेनरोडच्या मागच्या गल्लीतल्या मासेवाल्याकडे पाठवलं आणि एंजलची पोरसवदा सहा पिल्लं आणवली. "त्यांना माझं नाव सांगू नकोस," म्हणाल्या. काकांनी पिशवीतली पिल्लं बघितली, मग माझ्याकडे, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे, जिथे पदर चटकन आत गेला.

या वेळी माझं ऐकलं. तीन बादल्या आरओ, एक बादली बोअर. नवं पाणी एकदम ओतायचं नाही, थोडं थोडं. दर रविवारी कागद बुडवायचा. जागेवर आहे ना, बघायचं. पहिल्यांदा बोअरची बादली उचलून टाकीजवळ नेताना काकांचा चेहरा असा होता की शत्रूला घरात घेतोय. काकू सोफ्यावरून बघत होत्या.

"शेवटी इथलं पाणी लागलंच ना?" त्या म्हणाल्या.

"चौथा हिस्सा फक्त," काका गुरगुरले.

मासे वाढायला वेळ लागतो. त्या सहांतून एक जोडी जमली, तोवर काकू आजारी पडल्या. दमा नव्हता, हृदय होतं. फार दिवस काढले नाहीत. मी तेव्हा लग्न होऊन जवळच्याच एका इमारतीत राहायला गेलो होतो. रोज संध्याकाळी डबा घेऊन काकांकडे जायचो. जेवायचे कमी, टाकीकडे बघायचे जास्त.

काकू गेल्या त्यानंतरच्या हिवाळ्यात त्या जोडीने अंडी घातली. शेपट्या वळवळल्या. आणि मग एका सकाळी काकांचा फोन आला. "ये." गेलो तर टाकीभर पिल्लं पोहत होती. काचेवर पडलेल्या उन्हात धूळ तरंगावी तशी. आईबाप त्यांना हाकत कोपऱ्याकडे नेत होते. मी आनंदाने काहीतरी बोलायला लागलो. काकांनी हात वर केला.

"आता कुणाला सांगू?" ते म्हणाले.

त्यानंतर काही महिन्यांनी त्यांनी बंगला बंद केला आणि इगतपुरीच्या कौलारू घरी राहायला जायचं ठरवलं. गुडघे दुखतात, तिथे डॉक्टर लांब, पाऊस केवढा, मी सगळं बोलून बघितलं. ऐकेनात. "तिला परत जायचं होतं. मी नेलं नाही. निदान मी तरी जातो," म्हणाले. मोठी टाकी आणि जुनी जोडी माझ्या घरी आली. चार पिल्लं त्यांनी नव्या डब्यात घेतली, मांडीवर.

बऱ्याच दिवसांनी एका शनिवारी त्यांचा फोन आला. "उद्या येशील? आणि येताना एक कॅन आण. आपल्या बोअरचं पाणी."

मला वाटलं, नीट ऐकू आलं नाही. "इगतपुरीला? बोअरचं?"

"आण म्हटलं ना."

मी बंगल्यावर गेलो, नळ सोडला, कॅन भरला. गाडीत समोरच्या बाकावर कांद्याच्या गोण्यांवर टेकलेला एक गृहस्थ माझ्याकडे बघत होता. "कुठे चाललात?" मी सांगितलं, इगतपुरी. "कॅनमध्ये काय?" पाणी. त्याने शेजारच्याला कोपराने ढोसलं. "धरणाच्या गावाला पाणी घेऊन चाललाय. नोकरीला कुठे हाय, सरकारात का?" डबा हसला. मीही हसलो.

काकांशी झालेली ती शेवटची भेट. आता ते नाहीत. त्यांच्या माशांची कितवी पिढी माझ्याकडे आहे, कोण जाणे. अजून मी तीन बादल्यांत एक बादली मिसळतो.

त्या दिवशी काका घराच्या ओट्यावर बसले होते. वाळले होते. मला वाटलं होतं, पिल्लांचं पाणी घसरलं असेल, त्यासाठी बोअरचं हवं असेल. पण चारही मासे ठीक होते. काकांनी कॅन टाकीकडे नेऊच दिला नाही.

"शेजारच्या बाई परवा आल्या होत्या," ते म्हणाले. "हिची मैत्रीण. बोलता बोलता म्हणाल्या, काकू लगनाला आल्या होत्या ना मागं, तवा दोन दिस लय कुरकुरल्या. म्हनायच्या, इथलं पानी आता बेचव लागतं. कवा एकदा घरी जाते आन् आमच्या नाशकाचं पानी पिते असं झालंय." काकांनी कॅनच्या झाकणावर हात ठेवला. "आमच्या नाशकाचं म्हणाली. घरी म्हणाली. मला मात्र शेवटपर्यंत 'तुमचं नाशिक' म्हणत राहिली. थट्टा चालू ठेवली रे तिने. आणि मी ती खरी धरून बसलो. इथे येऊन राहिलो, तिच्यासाठी म्हणून."

त्यांनी आतून तांब्या आणला. काकूंचाच, पितळी. कॅनचं झाकण मी उघडून दिलं.

"आरओ आलं तेव्हा ती हा घेऊन खाली जायची," ते म्हणाले. "दम्याची बाई, रोज पायऱ्या उतरून बोअरचं पाणी भरून आणायची. माझ्या डोळ्यांसमोरून. आणि मी किटली बघत होतो."

तांब्या भरला. मी वाट बघत होतो, आता दोन थेंब तळहातावर घेतील, अंगठ्याने चोळतील, बोट जिभेला लावतील. त्यांनी तसं काही केलं नाही. तांब्या दोन्ही हातांनी उचलला, तोंडाला लावला आणि न थांबता सगळा पिऊन टाकला.